रांगेतल्या बायकांचे राजकारण

१९७७ च्या मार्च महिन्यात जी सहावी लोकसभा निवडून आली, तिच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आणीबाणीचा अंमल उठला, तीस वर्षांची काँग्रेसची सत्ता प्रथमच गेली, आणि खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या, या घटनांचे तेज एवढे प्रखर होते की, त्याच लोकसभेच्या एका उणिवेकडे बहुतेकांचे लक्ष गेले नाही. निवडून आलेल्या ५४२ सभासदांत स्त्रिया अवघ्या १९ होत्या. इतक्या थोड्या स्त्रिया त्यापूर्वी कधी लोकसभेत गेल्या नव्हत्या आणि त्यानंतरही कधी गेल्या नाहीत. लोकशाहीच्या पुनःस्थापनेचा जयघोष चाललेला असताना निम्म्या जनतेचे प्रतिनिधित्व एवढे आक्रसले. त्या १९ पैकी दोन स्त्रिया एकट्या मुंबई शहराने पाठविलेल्या होत्या. उत्तर मुंबईतून जनता पक्षाच्या मृणाल गोरे आणि उत्तर-मध्य मुंबईतून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर. सबंध देशाने जे केले नाही ते एका शहराने का केले, या प्रश्नाचे उत्तर त्या निवडणुकीच्या धामधुमीत सापडत नाही. त्यासाठी गोरेगावच्या नळांपर्यंत, परळच्या चाळींपर्यंत आणि रेशनच्या दुकानांपुढील रांगांपर्यंत मागे जावे लागते.

मुंबईच्या नगरकारभारात स्त्रियांचा प्रवेश तसा जुना आहे. १९२१ साली मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांच्या मताधिकारावरील बंदी उठविली, आणि १९२३ मध्ये महापालिकेत ज्या पहिल्या स्त्रिया जाऊन बसल्या त्यांत सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले या होत्या. अवंतिकाबाई चंपारण्यात गांधीजींबरोबर काम करून आलेल्या, हिंद महिला समाजाच्या संस्थापिका, आणि १९१८ साली मराठीत गांधीजींचे चरित्र लिहिणाऱ्या. पुढे १९५६ मध्ये सुलोचना मोदी या मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. परंतु ही नावे जितकी सन्माननीय, तितकीच ती विरळ होती. पक्ष कोणताही असो, स्त्री-कार्यकर्तीची जागा सभेच्या व्यासपीठावर स्वागतगीताच्या वेळी, वर्गणी गोळा करताना, आणि मतदानाच्या दिवशी बायकांना घराबाहेर काढून केंद्रापर्यंत नेताना ठरलेली असे. उमेदवारी वाटण्याची वेळ आली म्हणजे तिचे नाव यादीच्या तळाशी जाई, आणि पुष्कळदा तेथेही उरत नसे. महिलांच्या शाखा सर्व पक्षांना होत्या. त्या शाखांना फळ धरण्याची मुभा मात्र क्वचितच होती.

ज्या दोघींची ही कथा आहे त्यांची घडण याहून वेगळ्या रीतीने झाली. अहिल्या रांगणेकर या मूळच्या पुण्याच्या रणदिव्यांच्या घरातील. कम्युनिस्ट नेते भालचंद्र त्रिंबक रणदिवे हे त्यांचे ज्येष्ठ बंधू. १९४२ च्या आंदोलनात गांधीजींच्या अटकेचा निषेध केल्यामुळे महाविद्यालयीन शिक्षणात खंड पडला, आणि पुढील वर्षीच त्या मुंबईच्या गिरणगावात येऊन कामाला लागल्या. १९४३ हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. महायुद्धामुळे धान्याची टंचाई झाली होती, मुंबईत शिधावाटप त्याच वर्षी सुरू झाले, आणि त्याच वर्षी परळ महिला संघाची स्थापना झाली. गिरणी कामगाराच्या बायकोला रणभूमीवरील हालचालींपेक्षा शिधापत्रिकेवरील नावांची संख्या, मापातली मारामारी आणि तांदळातले खडे हे युद्धाचे अधिक प्रत्यक्ष स्वरूप होते. संघाने तिला तेथूनच हाक मारली. तीन वर्षांनी, १९४६ च्या फेब्रुवारीत, नाविकांच्या बंडाला पाठिंबा म्हणून मुंबई रस्त्यावर उतरली तेव्हा परळला झालेल्या गोळीबारात याच संघाच्या कमल दोंदे मृत्युमुखी पडल्या आणि कुसुम रणदिवे जखमी झाल्या. अहिल्याताई त्या वेळी त्यांच्यासमवेत होत्या. धान्याच्या रांगेत संघटित झालेल्या बायका तीन वर्षांत गोळीला सामोऱ्या गेल्या, हा प्रवास किती थोड्या अवधीत झाला हे पाहिले म्हणजे ‘बायकांचे प्रश्न’ आणि ‘राजकीय प्रश्न’ अशी जी वाटणी आपल्याकडे केली जाते, ती किती पोकळ आहे ते कळून येते.

मृणाल गोरे यांचा मार्ग समाजवादी परंपरेतला. माहेरच्या त्या मोहिले. वैद्यकीय शिक्षण चालू असताना राष्ट्र सेवा दलाच्या कामाने त्यांना असे काही वेढले की, डॉक्टरकी अर्धी टाकून त्या पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या, आणि १९४८ साली सहकारी केशव उपाख्य बंडू गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह करून गोरेगावात संसार मांडला. आज ज्यांनी गोरेगाव पाहिले आहे त्यांना त्या काळच्या गोरेगावची कल्पना येणे कठीण आहे. ते मुंबईच्या हद्दीबाहेरचे गाव होते. १९५७ साली बृहन्मुंबईची सीमा दहिसरपर्यंत सरकली तेव्हा ते महापालिकेत आले. मृणालताईंनी तेथे महिला मंडळ चालविले, कुटुंबनियोजनाचे केंद्र चालविले, आणि जे प्रश्न घराच्या उंबऱ्याशी संपतात असे मानले जाई ते चौकात आणले. १९५८ साली केशव गोरे वारले. तिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या, पदरी लहान मुलगी असलेल्या स्त्रीने सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले असते तर त्या काळी कोणी तिला बोल लावला नसता, किंबहुना तेच उचित मानले गेले असते. मृणालताईंनी पतीच्या नावे स्मारक संस्था उभी केली आणि काम दुपटीने वाढविले.

१९६१ च्या महापालिका निवडणुकीत या दोघीही निवडून आल्या, एक उपनगरातून आणि एक गिरणगावातून. येथून पुढची काही वर्षे कथेत फारशा नाट्यमय घटना नाहीत. नगरसेविकेचे काम हे मुळात अर्ज, तक्रारी, पाहणी, दप्तरातील कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर ढकलणे, अभियंत्यास प्रत्यक्ष जागेवर आणून उभे करणे, आणि एवढे करून अंमलबजावणी झाली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, अशा चिकाटीचे असते. हद्दवाढीच्या हुकुमाबरोबर उपनगरांवर कराची आकारणी लागलीच झाली, पण पाणी मात्र त्या वेगाने आले नाही. वैतरणेवरील मोडकसागराचे धरण १९५७ साली पुरे झाले होते, शहराचा पुरवठा वाढला होता, तरी जलवाहिन्यांच्या टोकाला असलेल्या वस्त्यांत हंडे-कळशांच्या रांगा तशाच राहिल्या. पाणी भरणे हे बायकांचे काम, आणि पाणी देणे हे पुरुषांच्या सभागृहाचे काम, अशी ती विभागणी होती. मृणालताईंनी रांगेतल्या बायकांनाच महापालिकेच्या दारात नेले. त्या पाण्यासाठी इतक्या मागे लागल्या की लोकांनी त्यांचे नावच ‘पाणीवाली बाई’ ठेवले.

या नावातील ‘बाई’ या शब्दाशी मला थोडे थांबावेसे वाटते. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, रमाबाई अशा नावांतून जो शब्द मराठीत आदराने आला, तोच पुढे शाळेतल्या शिक्षिकेला लागला आणि घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीलाही लागला. एकच शब्द राणीला, गुरूला आणि मोलकरणीला चालावा, ही आपल्या भाषेची मोठी समृद्धी आहे. गोरेगावच्या मराठी, गुजराती, हिंदी भाषकांनी मिळून ही पदवी दिली तेव्हा तिच्यात हे तिन्ही अर्थ होते असे मला वाटते. कोणत्याही सरकारी सनदेपेक्षा ती मोलाची आहे.

१९७२ साल उजाडले ते अवर्षण घेऊन. त्याआधीच्या वर्षी बांगलादेशाचे युद्ध झाले होते, निर्वासितांचा भार पडला होता. १९७२ च्या पावसाने दगा दिला आणि महाराष्ट्रावर असा दुष्काळ आला की त्या पिढीच्या आठवणीत तो ‘बहात्तरचा’ या एकाच शब्दाने राहिला. खेड्यांत बायाबापड्या दुष्काळी कामांवर खडी फोडीत होत्या आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खात होत्या. शहरात धान्य, साखर, खाद्यतेल, रॉकेल यांचे भाव चढत होते, आणि भाव देऊनही जिन्नस मिळत नव्हता. रेशनच्या दुकानावर पाटी लागे, गोदामात साठा असे, आणि काळ्या बाजारात हवे तेवढे मिळे. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे भाव जगभर भडकले तेव्हा तर या महागाईला धरबंधच उरला नाही.

या परिस्थितीत मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती स्थापन झाली. १९७२ साली मृणालताई विधानसभेवर निवडून गेल्या होत्या. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकलेल्या त्या सभागृहात विरोधकांचा आवाज क्षीण होता, आणि जे आत ऐकू येत नाही ते बाहेर ऐकवावे लागते, हे त्यांना महापालिकेने शिकविलेच होते. समितीत समाजवादी मृणाल गोरे, प्रमिला दंडवते, कमल देसाई; मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर; भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी; आणि मंजू गांधी यांच्यासारख्या कार्यकर्त्या एकत्र आल्या. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांचे वैर त्या काळी किती कडवे होते, आणि कम्युनिस्टांतल्या दोन पक्षांचे एकमेकांशी त्याहून किती कडवे होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका यादीचे महत्त्व सांगावयास नको. या पक्षांचे पुरुष नेते एका मेजाभोवती बसण्यापूर्वी मसुद्यातील शब्दाशब्दावर अडत असत. त्यांच्या स्त्रिया मात्र गोडेतेलाच्या डब्याभोवती एकत्र बसल्या, कारण तो डबा सगळ्यांच्याच घरी रिकामा होता.

समितीने शस्त्र म्हणून जे उचलले ते स्वयंपाकघरातलेच होते. हजारो बायका हातात लाटणे घेऊन आणि रिकामी थाळी वाजवीत मोर्च्याने निघाल्या, मंत्र्यांना घेराव घातले, रेशन दुकानदारांना साठ्याचा हिशेब विचारला. ज्यांना मोर्च्यात येणे शक्य नव्हते त्यांनी ठरल्या वेळी आपापल्या घरातून थाळी वाजवावी, असे आवाहन झाले, आणि गिरगावापासून गोरेगावापर्यंत चाळींतून व इमारतींतून तो नाद उठला. या युक्तीमागचे राजकीय शहाणपण असे की, सभेला जाऊ न शकणारी, सासरच्या धाकात असलेली, लेकुरवाळी स्त्री आपल्या ओट्यापाशी उभी राहूनच आंदोलनात सामील झाली, आणि शेजारणीची थाळी ऐकून तिला आपण एकटी नाही हे समजले. थाळ्यांचा हा प्रकार पुढे १९७४ च्या गुजरातेतील नवनिर्माण आंदोलनातही ऐकू आला.

लाटण्याच्या या प्रतीकावर पुढे काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला आहे. स्त्रीने रस्त्यावर येतानाही चूल सोडली नाही, माता आणि गृहिणी म्हणूनच ती बोलली, स्वतःच्या घरातील अन्यायाबद्दल बोलली नाही, आणि नेतृत्व बरेचसे मध्यमवर्गीय राहिले, असा त्या आक्षेपाचा आशय आहे. तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. त्याच सुमारास धुळे जिल्ह्यात शहाद्याच्या आदिवासी स्त्रिया दारूच्या गुत्त्यांवर चालून जात होत्या आणि मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारीत होत्या. तो प्रश्न मुंबईच्या मोर्च्यात आला नाही हे खरे. तथापि, जी स्त्री कालपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानदाराशीही नजर वर करून बोलत नव्हती, ती आज मंत्र्याच्या दारात बसते, पोलिसांच्या गाडीत चढते, एक रात्र कोठडीत काढून सकाळी घरी येते आणि पुन्हा चूल पेटविते, तेव्हा त्या घरात काही बदलत नाही असे मानणे मला शक्य नाही. प्रमिलाताईंनी पुढे महिला दक्षता समिती स्थापन केली आणि ती हुंड्याच्या प्रश्नाला भिडली; महागाईकडून हुंड्याकडे जाणारी वाट त्याच रांगेतून निघाली होती.

२६ जून १९७५ रोजी देशाला आणीबाणी जाहीर झाल्याचे कळले. मृणालताई भूमिगत झाल्या आणि काही महिन्यांनी पकडल्या गेल्या. अहिल्याताईंना कारावास नवा नव्हता. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या धरपकडीतही त्या आत होत्या. प्रमिलाताईंनी येरवड्याच्या तुरुंगात सुमारे दीड वर्ष काढले, आणि त्यांचे पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. ज्या सरकारला विरोधी पक्षांच्या स्त्रिया एरवी शोभेच्या वाटत होत्या, त्याच सरकारने त्यांना त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांइतकेच धोकादायक ठरविले.

१९७७ च्या निवडणुकीत मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. लाट सर्वत्र होती हे मान्य आहे, पण लाटेने देशभर पुरुषच निवडून आणले. उत्तर मुंबई आणि उत्तर-मध्य मुंबई येथे लाट येण्यापूर्वीच जमीन तयार झालेली होती. प्रचाराला पक्षाकडे पैसा नव्हता, परंतु पंधरा-सोळा वर्षे ज्यांच्या नळाला, शिधापत्रिकेला आणि रॉकेलच्या डब्याला या बायांनी हात लावला होता, त्या वस्त्यांना उमेदवाराची ओळख करून देण्याची गरजच नव्हती. निकालानंतर मुंबईत एक घोषणा घुमली: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ मोरारजी देसाई यांनी मृणालताईंना मंत्रिपद देऊ केले तेव्हा त्यांनी ते नाकारले. हा त्यांचा निर्णय त्यांच्या स्वभावाला साजेसा होता, परंतु मला तो चुकीचा वाटतो. नळाच्या तोटीपासून राज्यकारभार शिकलेली स्त्री केंद्राच्या मंत्रिमंडळात कसा कारभार करते, हे देशाला पाहावयास मिळाले असते तर पुढील पिढीतल्या कित्येक कार्यकर्त्यांना आपल्या पक्षाकडे उमेदवारी मागताना त्या उदाहरणाचा आधार झाला असता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. जनता पक्ष फुटला. १९८० च्या निवडणुकीनंतर मृणालताई लोकसभेत राहिल्या नाहीत. उत्तर-मध्य मुंबईतून त्या वर्षी प्रमिला दंडवते निवडून आल्या. १९८५ साली मृणालताई पुन्हा विधानसभेत आल्या, १९८८-८९ मध्ये तेथे विरोधी पक्षनेत्या झाल्या, आणि गर्भलिंगपरीक्षेवर बंदी घालावी म्हणून त्यांनी जो आग्रह धरला त्याची परिणती १९८८ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात झाली. देशातील तो पहिला कायदा. केंद्राला तसा कायदा करण्यास १९९४ साल उजाडले. गोरेगाव-दिंडोशीच्या भागात निम्न उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना नागरी निवारा परिषदेच्या वसाहतीत घरे मिळाली, तीही त्यांच्याच झगड्याने.

परंतु महागाई प्रतिकार समितीच्या पहिल्या फळीमागे जी दुसरी, तिसरी, चौथी फळी होती, चाळीचाळींतून थाळ्या वाजविणाऱ्या, दुकानांवर पाळत ठेवणाऱ्या, मोर्च्यासाठी शंभर घरांचे दार ठोठावणाऱ्या शेकडो स्त्रियांची, तिच्याकडे एकाही पक्षाने उमेदवारी घेऊन जाण्याची तसदी घेतली नाही. ज्या मोर्च्यांच्या बळावर पक्ष उभे राहिले, त्यांचे श्रेय पक्षांच्या कचेऱ्यांत जमा झाले आणि त्या स्त्रिया पुन्हा घरी पाठविल्या गेल्या. हा मी त्या काळच्या सर्वच पुरोगामी म्हणविणाऱ्या पक्षांचा मोठा अपराध समजतो. राज्याने १९९० साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या, १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभर एकतृतीयांश जागांचे बंधन आले, २०११ मध्ये महाराष्ट्राने ते अर्ध्यावर नेले. म्हणजे जेथे कायद्याचा हुकूम झाला तेथे पक्षांना स्त्रिया सापडल्या. जेथे हुकूम नव्हता त्या विधानसभेत २०१९ साली २८८ पैकी २४ स्त्रिया निवडून आल्या.

अहिल्याताई २००९ च्या एप्रिलमध्ये गेल्या, मृणालताई २०१२ च्या जुलैमध्ये. गोरेगावच्या एका उड्डाणपुलाला मृणालताईंचे नाव आहे. परंतु त्या मागच्या फळीतील स्त्रियांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, आणि त्यांपैकी ज्या हयात आहेत त्या आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. वाचकांपैकी ज्यांची आजी, आई, मावशी किंवा शेजारीण त्या दिवसांत मुंबईत थाळी घेऊन रस्त्यावर उतरली असेल, त्यांनी तिच्यापाशी बसावे, कोणत्या चाळीतून कोण कोण निघाले होते ते विचारावे, आणि ती सांगेल ती नावे, तारखा आणि ठिकाणे या वर्षीच कागदावर उतरवून ठेवावीत.